उसना उजेड

पद्मजा मगदूमच्या रक्तानं एकही वाटी उजळली नाही, आणि त्याच कारणानं तिच्या बाळाच्या गळ्यातली ग्रंथी जन्मभरासाठी बंद करायचं ठरलं.

“उद्या दुपारी इंजेक्शन देऊ,” डॉ. समीना मुजावर म्हणाल्या. “त्याहून पुढं ढकलायची माझी हिंमत नाही. छाती बघा त्याची.”

पद्मजा बघतच होती. काचेच्या पेटीतलं ते एवढंसं पोर, अजून बारसंसुद्धा झालेलं नाही, आणि छाती अशी लपलपत होती की आत्ताच कुठून तरी पळत आलंय. अंगाला घाम. डोळे टक्क उघडे. दूध अधाशासारखं पीत होतं आणि तरी रोज वजन घटत होतं. मिरजेच्या या इस्पितळात त्याला आणलं तेव्हा दुखणं ओळखायला कुणाला वेळ लागला नव्हता. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बेफाम सुटली होती. ती का सुटली, एवढंच कळत नव्हतं, आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

आता हे थायरॉइडचं प्रकरण एकदा नीट सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जायचं. शरीराच्या चुलीचा जाळ कमीजास्त करते ती ही ग्रंथी. पण स्वतःच्या मनानं ती काही करत नाही. मेंदूखालून हुकूम येतो, तिच्या पेशींच्या दारावरची घंटा वाजते, मग ती कामाला लागते. काही माणसांच्या रक्तात मात्र एक उपद्व्यापी पदार्थ तयार होतो. असतो तो प्रतिपिंडच, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर जे शिपाई बनवतं त्यांतलाच एक. पण हा शिपाई फितूर. तो घंटेवर बोट ठेवतो आणि काढतच नाही. ग्रंथी बिचारी हुकूम समजून राबत सुटते. हृदय धावतं, अंग झडतं, माणूस बसल्या जागी धापा टाकतो.

हा पदार्थ रक्तात हुडकून काढायचं काम पद्मजाचं. फार पूर्वी रुग्णाच्या रक्ताचा अंश उंदराला टोचून वाट बघत बसत. पुढं घंटेला काही चिकटलंय का, एवढंच मोजणाऱ्या चाचण्या आल्या. पण चिकटणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. पद्मजाच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशी होत्या. दारावर माणसाच्या थायरॉइडची घंटा आणि आत काजव्याचा उजेड देणारा जनुक. नखाएवढ्या वाट्यांच्या ताटात त्या वाढवायच्या. आदल्या दिवसापासून त्यांना हुकमाचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, म्हणजे त्या हळव्या होतात. मग वरून रुग्णाच्या रक्तातला सीरमचा थेंब सोडायचा. घंटा वाजवणारं काही असलं की वाटी हिरवी उजळते. त्या आदल्या दिवसाला प्रयोगशाळेत सगळे पेशींचा उपास म्हणायचे. सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, हे कळल्यापासून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “बघा, हिच्या पेशीसुद्धा उपास करत्यात, आणि ही अष्टमीला कांदा खाती!”

तान्ह्या बाळाच्या अंगात रक्त ते किती! म्हणून रीतच अशी पडली होती, की बाळाला हा त्रास असला तर तपासायचं आईचं रक्त. कारण ते फितूर शिपाई बाळाचे स्वतःचे नसतातच, नाळेतून आईकडून आलेले असतात. आईची वाटी उजळली तर धीर धरायचा. आईकडून आलेलं काही महिन्यांत आपोआप संपतं, आणि आता तर त्याचा लवकर निचरा करणारं औषध निघालं होतं. आईची वाटी काळी राहिली तर मात्र बाळाची घंटाच जन्मतः बिघडलेली. मग ते नवं इंजेक्शन. एकदा टोचलं की घंटा कायमची मुकी. पुढं आयुष्यभर दंडात संप्रेरकाची कांडी बसवायची, दर सहा महिन्यांनी नवी. वाढ, बुद्धी, ताकद, सगळं त्या कांडीच्या हवाली.

इस्पितळातल्या निदानयंत्राला सगळे ‘वैदू’ म्हणत. वैदूनं हिशेब मांडून टाकला होता: बाळाच्या घंटेच्या जनुकात एक बदल आहे, त्याचा अर्थ नक्की माहीत नाही, पण आईचं रक्त कोरं आहे, म्हणजे दोष जन्माचा, इंजेक्शन द्या.

पद्मजाचं रक्त कोरं असणारच होतं. हे पोर तिच्या पोटात कधी नव्हतंच.

त्याला पोटात वाढवलं होतं स्वरूपानं, तिच्या धाकट्या जावेनं. बीज पद्मजाचं आणि तिच्या नवऱ्याचं, अभिनंदनचं. पद्मजाचं गर्भाशय पस्तिशीतच काढावं लागलं होतं, म्हणून कूस तेवढी स्वरूपाची. सगळं कायद्यानं, परवानगी घेऊन. जन्माच्या दाखल्यावर आईबाप म्हणून पद्मजा आणि अभिनंदन. त्यात लपवण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. पण आक्कांनी एकच अट घातली होती, “गावात कुणाला कळता कामा नये.” म्हणून दोघी जावा पहिल्यापासूनच बेळगावला जाऊन राहिल्या. मिरजेत सांगितलं, पद्मजाला डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हटलंय आणि स्वरूपा तिच्या सोबतीला गेलीय. बाळंतपण झाल्यावर स्वरूपा विश्रांतीला तिच्या माहेरी, निपाणीला गेली आणि पद्मजा बाळाला घेऊन मिरजेला आली.

आणि नुसतं आक्कांवर ढकलून चालायचं नाही. पद्मजालाही ते तसंच हवं होतं. इतकी वर्षं लोकांच्या बारशांत पाळण्याला दोरी बांधून घरी आलेली बाई ती. ‘हिला झालं एकदाचं’ असं लोकांनी आपल्याकडं बघून म्हणावं, याची तिला हाव होती. हो, हावच.

म्हणून डॉक्टरांनी आईचं रक्त मागितलं तेव्हा तिनं मुकाट्यानं स्वतःचा हात पुढं केला. मनाची समजूत घातली, की स्वरूपाच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, तिची थायरॉइडची पातळी अगदी पुस्तकात छापल्यासारखी होती, तिचं रक्त घेतलं असतं तरी वाटी काळीच राहिली असती. मग उगाच कशाला बोभाटा? हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर पद्मजानं त्याला प्रयोगशाळेतून हाकलून लावलं असतं.

बाहेर बाकावर येऊन ती बसली आणि तेवढ्यात निपाणीहून फोन आला.

“ताई, बाळ कसं आहे?” स्वरूपाचा आवाज बसलेला होता.

“उद्या इंजेक्शन आहे. कायमचं.”

“झोपतंय का ओ?”

“कसलं झोपतंय!”

“तळवे गरम लागतात का त्याचे? दुपट्यात गुंडाळलं की किंचाळतंय, आणि उघडं टाकलं की गप्प होतंय, असं होतंय का? आणि बोटं... नुसती पडल्या पडल्या थरथरतात का?”

पद्मजा सावरून बसली. दुपट्याची गोष्ट आजच सकाळी नर्सच्या लक्षात आली होती. ती घरात कुणाला सांगितलेली नव्हती.

“तुला कुणी सांगितलं हे?”

“कुणी नाही. असंच वाटलं.”

“असं नुसतं वाटत नाही, स्वरूपा. ज्याच्या अंगावरून गेलंय त्यालाच हे ठाऊक असतं. तुला काही झालं होतं का? खरं सांग.”

“आई हाक मारतीय,” असं म्हणून स्वरूपानं फोन ठेवला. पद्मजानं पुन्हा लावला तर बंद.

मग तिला एकेक आठवू लागलं. स्वरूपाचं पहिलं बाळंतपण, लेकीचं, रिवाजाप्रमाणं माहेरी निपाणीला झालं होतं. सव्वा महिन्यात यायची ती आठ महिने आली नाही. कधी थंडी फार, कधी पोरीला सर्दी, कधी मुहूर्त नाही. आली तेव्हा चिपाड झालेली. आक्का म्हणाल्या होत्या, “माहेरचे डिंकाचे लाडू काय पचले न्हाईत वाटतं.” सगळे हसले होते. पद्मजाही हसली होती, आणि ती या रोगातली जाणकार! बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हा रोग उसळी मारतो हे ती नव्या पोरींना शिकवायची. हल्ली ग्रंथी ओठाच्या आतून चीर देऊन काढतात, गळ्यावर ओरखडाही उठत नाही, हेही तिला माहीत होतं. ग्रंथी काढलेल्या बाईच्या दंडात कांडी नीट बसली असली तर तिची पातळी निरोगी बाईपेक्षा चांगली येते. पण ग्रंथी गेली म्हणून फितूर शिपाई जातातच असं नाही. ते रक्तात फिरत राहतात. वाजवायला घंटा नसते म्हणून गप्प असतात. आणि मग त्याच बाईच्या पोटात एक नवी घंटा वाढायला लागते.

“अगं बाई गं,” पद्मजा मोठ्यानं म्हणाली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं दचकून तिच्याकडं बघितलं.

ती तडक प्रयोगशाळेत गेली. जनुकाच्या तपासणीसाठी बाळाचं रक्त आलं होतं, त्या नळीच्या तळाशी थोडंसं उरलं होतं. त्याला हात लावायची तिला कुणी परवानगी दिलेली नव्हती. स्वतःच्या लेकराचा नमुना स्वतः तपासायचा नाही, हा नियम तिनंच भिंतीवर लावला होता. उपास झालेल्या पेशींचं त्या दिवसाचं ताट तयार होतं आणि कोपऱ्यातल्या दोन वाट्या रिकाम्या होत्या. तिनं थेंब सोडला, झाकण लावलं आणि उबवणीयंत्राचं दार बंद केलं. मग हात धुतले. मग उगाच पुन्हा धुतले.

संध्याकाळी पडद्यावर आकडे आले. दुसऱ्या रुग्णांच्या वाट्या कुठं मंद, कुठं काळ्या. बाळाच्या दोन वाट्या मात्र अशा पेटल्या होत्या की रेघ पट्टीच्या बाहेर गेली. पद्मजा स्टुलावर बसली आणि तिला रडू फुटलं, आनंदानं आणि भीतीनं दोन्हीनं. बाळाची घंटा धडधाकट होती. उद्या दुपारी ती घंटा कायमची मुकी करणार होते.

सकाळी डॉ. मुजावरांच्या खोलीत सगळं घर जमलं होतं. अभिनंदन, आक्का, आणि स्वरूपाचा नवरा सुदर्शन. इंजेक्शनच्या संमतीसाठीच बोलावलं होतं. पद्मजानं रिपोर्ट टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“मॅडम, ही चाचणी मी तुमच्याकडून शिकले. मग तुम्हीच सांगा, आईचं रक्त कोरं आणि बाळाचं उजळतंय, हे कसं होईल? आभाळातून पडलं का?”

“माझ्या रक्तातलं आता कमी झालं असेल...”

“इतक्यात? इतकं? मॅडम, हे तुम्ही बोलताय?”

डॉक्टरांनी रिपोर्ट तिच्याकडं सरकवला.

“आणि नमुना उचलला तुम्ही, वाटीत सोडला तुम्ही, वाचला तुम्ही. आई पण तुम्हीच. माझ्या जागी तुम्ही असता तर हा रिपोर्ट धरला असता का?”

“नसता धरला,” पद्मजा म्हणाली.

“पुन्हा रक्त घ्यायची सोय नाही. काल रात्रीपासून त्याला रक्त चढवतोय. आता त्याच्या नसेतून निघेल ते निम्मं परक्याचं.” डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. “मला तुमचं मन कळतंय. आईनं काडीचा आधार शोधावा यात नवल नाही. पण औषधानं ठोके आवरेनात. आज नाही दिलं तर हृदय दमेल. दोन्ही एकदम देता येत नाही. शिपाई असले तर निचऱ्याचं औषध, घंटा बिघडली असली तर इंजेक्शन. चुकीचं निवडलं तर गेलेला वेळ परत येणार नाही.”

पद्मजानं आक्कांकडं बघितलं. आक्का अडाणी नव्हत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी अगदी हळू मान हलवली. नको. अभिनंदन खाली फरशीकडं बघत होता.

एवढ्याशा वाक्याला किती ताकद लागते बघा.

“डॉक्टर, तुम्ही माझं रक्त तपासलंत,” ती शेवटी म्हणाली. “पण तो माझ्या पोटात नव्हता. बीज माझं आहे. पोटात माझ्या जावेनं वाढवला.”

“पद्मे!” आक्का ओरडल्या.

“ओरडा आक्का. पण हे आधी बोलले असते तर काल सकाळीच औषध सुरू झालं असतं.”

डॉ. मुजावरांनी रिपोर्ट टेबलावर आपटला. रागावल्या होत्या, हे दिसत होतं. “आणि हे तुम्ही, तुम्ही लपवलंत?”

“हो.”

सुदर्शन ताडकन उठला. “एक मिनिट, वैनी. म्हणजे हे पोराच्या अंगात जे काही गेलंय ते स्वरूपाकडून गेलं म्हणायचंय तुम्हाला? तिचे सगळे रिपोर्ट चांगले होते! नऊ महिने तुमच्यासाठी झिजली ती, आणि आता तिच्यावरच खापर फोडताय?”

“खापर नाही ओ, भावजी...”

“मग काय? ती ठणठणीत आहे. माझी बायको आहे, मला ठाऊक नसणार?”

स्वरूपाच्या ग्रंथीबद्दल पद्मजाला अजून नुसता संशय होता, आणि तो बोलून दाखवायचा अधिकार तिचा नव्हता. डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं. “त्यांना घेऊन या. त्यांच्या रक्ताची वाटी उजळली तर मी मानेन. तोवर मी ठोके ओढून धरते. पण हातात फार वेळ नाही, हे लक्षात ठेवा.”

अभिनंदन गाडीची किल्ली घेऊन निघाला आणि दारातच थबकला. व्हरांड्यातून स्वरूपा येत होती. कानाला बाळंतिणीचा स्कार्फ घट्ट बांधलेला, चेहरा पांढराफटक. निपाणीहून वडापनं आली होती. वडापच्या गाड्या आता बिनचालकाच्या झाल्या तरी माणसं कोंबायची रीत तीच, आणि ही ओली बाळंतीण त्यातून एकटी आलेली.

“कशाला आलीस अशी? सांगायचं तरी!” सुदर्शन पुढं धावला.

तिनं त्याचा हात बाजूला केला आणि सरळ डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. “रक्त घ्या माझं. माझी थायरॉइडची गाठ काढलीय. पोरगी झाल्यावर, निपाणीतच असताना. दंडात कांडी आहे. माहेरी गेले की बदलून घेते.”

सुदर्शननं तिच्या दंडाकडं बघितलं.

“काय बोलतीस?” सुदर्शन म्हणाला. “पाच वर्षं झाली की गं.”

“बाबा म्हणाले, वळ नाही, व्रण नाही, मग सांगून कशाला रोगट सून म्हणवून घेतीस? मला वाटायचं, सांगावं. रोज वाटायचं.” तिनं पद्मजाकडं बघितलं. “मग ताईंचा विषय निघाला. जेवायला बसलो होतो आपण. सगळ्यांनी ताटातनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, नको म्हणायला निमित्त शोधतीय. आणि खरं सांगू का, मला नको म्हणायचंच नव्हतं. ताईंसाठी करायचं होतं मला. मला वाटलं, गाठ काढली म्हणजे रोग गेला. मला कुठं ठाऊक होतं ओ...”

पद्मजाला तिच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. तिला खुर्चीवर बसवलं, स्कार्फ सारखा केला आणि नर्सला हाक मारली.

या वेळी पद्मजानं ताटाला हातसुद्धा लावला नाही. नशीब एवढं की रोजच्या कामासाठी उपास झालेल्या पेशी तयार होत्या. रक्त सहकाऱ्यांनी वाट्यांत सोडलं आणि डॉ. मुजावर स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. बाकीचे सगळे पेटीच्या खोलीबाहेर. दुपार झाली. इंजेक्शनची वेळ आली आणि गेली. आतल्या पडद्यावर बाळाचे ठोके वर चढायचे, औषधाचा थेंब वाढवला की जरासे उतरायचे, पुन्हा चढायचे. एकदा तर यंत्र कर्कश वाजलं आणि दोन नर्स धावत आत गेल्या. आक्का णमोकार मंत्र पुटपुटत होत्या आणि दर वेळी मधेच विसरून पहिल्यापासून सुरू करत होत्या. सुदर्शन बायकोकडं पाठ करून खिडकीशी उभा होता.

“माझ्यामुळं काही झालं त्याला, तर?” स्वरूपा हळू म्हणाली.

“माझ्यामुळं,” पद्मजा म्हणाली. “तुला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, आणि मी हात पुढं केला. तेव्हा तू गप्प बस.”

डॉ. मुजावर आल्या त्या जवळजवळ पळतच. हातातल्या पाटीवर दोन रेघा होत्या. या पेशींचा उजेड कसा चढतो आणि कसा उतरतो, याची तऱ्हा प्रत्येक माणसाच्या शिपायांनुसार निराळी असते. इथं दोन रेघा एकीवर एक तंतोतंत बसल्या होत्या. एक बाळाची, पद्मजाच्या कालच्या वाट्यांतली, आणि एक स्वरूपाची.

“शिपाई तुमचेच,” त्या स्वरूपाला म्हणाल्या, आणि मागं वळून नर्सला ओरडल्या, “इंजेक्शन परत फ्रीजमध्ये ठेवा. निचऱ्याचं औषध काढा, लवकर!”

दुसऱ्या दिवशी ठोके उतरायला लागले. तिसऱ्या दिवशी पोरगं झोपलं. नर्स म्हणाली, “बघा तरी, घोरतंय!” तेव्हा सुदर्शन पहिल्यांदा हसला, आणि स्वरूपाला म्हणाला, “चल, काहीतरी खा.” एवढंच. त्यांच्यातलं बाकीचं मिटायला बरेच महिने लागायचे होते. आक्कांनी मात्र एक काम झटक्यात केलं. बारशाला जमलेल्या बायकांसमोर त्या स्वतःच उठून म्हणाल्या, “दोघींची ओटी भरायची आहे. का, ते विचारू नका. विचारलं तरी सांगीन.” विचारलं अर्थात सगळ्यांनी. मुलाचं नाव चिन्मय ठेवलं.

पुढं दर आठवड्याला बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त यायचं आणि पद्मजाची सहकारी ते वाटीत सोडायची. पद्मजा घरी आली की स्वरूपा स्वयंपाकघरातून विचारायची, “ताई, आज किती?”

“निम्म्यावर आलं.”

“बरं झालं.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा, “आज किती?”

“अगदी मंद. डोळ्यांनी तर दिसतच नाही, यंत्रालाच कळतं.”

“बरं झालं,” स्वरूपा म्हणायची आणि पाठमोरी व्हायची. पद्मजाला आधी वाटलं, तिला अपराधी वाटतंय म्हणून विचारते. बाळाला ती कधी उचलून घ्यायची नाही. लळा लागू द्यायचा नाही, असं सगळ्यांचंच आधी ठरलं होतं, आणि एवढं झाल्यावर तर तिनं ते व्रतच धरलं होतं. पोरगं हसून हात पसरायचं आणि ही बाजूनं निघून जायची.

मग एका आठवड्याला वाटी काळी राहिली. अगदी कोरी. प्रयोगशाळेत पेढे वाटले. पद्मजानं घरी येताना चिन्मयसाठी खुळखुळा घेतला, आणि पाळण्यात झोपलेल्या पोराला हात लावून आधी स्वयंपाकघरात गेली.

“आज किती, ताई?”

“काही नाही. संपलं सगळं. बरा झाला तो.”

स्वरूपा कणीक मळत होती. तिचे हात थांबले. “बरं झालं,” ती म्हणाली. थोड्या वेळानं तशीच खाली बघत म्हणाली, “म्हणजे माझं त्याच्यात आता काहीच राहिलं नाही.”

पद्मजाला तेव्हा कळलं, की ही दर आठवड्याला काय विचारत होती.

हो म्हणून गप्प बसता आलं असतं. पद्मजाच्या घशाशी ते आलंही होतं. पुढचं जे तिला माहीत होतं ते सांगायची कुणाची सक्ती नव्हती, आणि सांगितल्यावर त्यातलं तिच्या वाट्याला काही उरणार नव्हतं.

“त्याच्यातलं तुझं संपलं,” ती म्हणाली. “पण तुझ्यात त्याचं आहे.”

“म्हणजे?”

“पोटात असताना बाळाच्या थोड्या पेशी नाळेतून पलीकडं जातात, बाळंतिणीच्या रक्तात. तिथंच राहतात. कुणाच्या काळजात, कुणाच्या हाडांत. मरत नाहीत लवकर. बीज कुणाचं आहे, हे त्या विचारत नाहीत.”

“किती दिवस राहतात?”

“तू म्हातारी होईपर्यंत. बायकांच्या अंगात वीस-तीस वर्षांनी सापडल्यात.”

स्वरूपानं कणकेचा हात छातीवर ठेवला, साडी भरली तरी काढला नाही. “आणि तुमच्यात?”

“माझ्यात कशा असतील?” पद्मजा म्हणाली. तिनं हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. “हवं तर तुझं रक्त तपासून दाखवते. सापडतील.”

“नको, ताई. आहेत म्हणालात ना, बास.” तिच्या डोळ्यांतून पाणी सरळ कणकेत पडत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

तेवढ्यात आत चिन्मय उठला आणि त्यानं भोकाड पसरलं. दोघी एकदम दाराकडं निघाल्या. मग पद्मजा थांबली, परातीसमोर पाटावर बसली आणि कणीक मळायला लागली.